बेचाळीस माथे आणि एक साक्षीदार

इंग्लंडच्या उत्तरेला तळ्यांचा आणि डोंगरांचा एक मुलूख आहे, लेक डिस्ट्रिक्ट. वर्ड्सवर्थमुळे आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव कॉलेजात कळले. डॅफोडिलच्या फुलांपलीकडे मात्र आमची मजल गेली नाही. याच मुलखात केझिक नावाचे छोटे गाव आहे आणि गावच्या चौकात मूट हॉल ही जुनी इमारत. तिच्या दारातून निघायचे, ४२ डोंगरमाथे पायी गाठायचे आणि चोवीस तासांच्या आत त्याच दारात परत यायचे! या उपद्व्यापाला 'बॉब ग्रॅहम राउंड' म्हणतात.

तिथल्या बोलीत डोंगराला 'फेल' म्हणतात. हे डोंगर तसे फार उंच नव्हेत. सर्वांत उंच स्काफेल पाइक ९७८ मीटर. आपल्या सत्तरीतला सोसोगडसुद्धा त्याहून उंच. पण एक उतरला की दुसरा, दुसरा उतरला की तिसरा, असे ४२. वाट सुमारे १०६ किलोमीटरची आणि सगळे चढ एकत्र केले तर ८,२०० मीटरच्या आसपास. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे, म्हणजे पाहा! त्यात धुके, वारा, पाऊस, रात्रीचा काळोख, आणि कित्येक ठिकाणी पायवाटही नाही.

बॉब ग्रॅहम हा केझिक भागात अतिथिगृह चालवणारा, चाळिशी ओलांडलेला साधा माणूस. जून १९३२ मध्ये पायांत टेनिसचे बूट, अंगात पायजम्यावरचा सदरा अशा थाटात तो निघाला. खायला पाव-लोणी, उकडलेले अंडे, फळे आणि गोड गोळ्या. २३ तास ३९ मिनिटांनी तो परतला. पुढली २८ वर्षे हे कुणालाच जमले नाही. १९६० मध्ये अ‍ॅलन हीटन यांनी ते पुन्हा करून दाखवले. १९७१ मध्ये ही फेरी पूर्ण करणाऱ्यांचा क्लब निघाला. आज त्याच्या यादीत दोन हजारांहून अधिक नावे आहेत.

मला या सगळ्यात गुंतवले ते त्या क्लबच्या एका नियमाने. प्रत्येक माथ्यावर धावणाऱ्याबरोबर साक्षीदार हवा. एकट्याने जाऊन 'मी करून आलो' म्हटलेले तिथे चालत नाही.

माझे अर्धे आयुष्य सरकारी कचेरीत गेले, त्यामुळे साक्षीदार हा प्राणी मला चांगला ठाऊक. अर्जाच्या तळाशी दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. माणूस बाहेर व्हरांड्यात जातो, बाकावर बसलेल्या दोघांना विनंती करतो, ते सही ठोकतात आणि काम होते. कशाखाली सही केली हे त्यांनी वाचलेलेही नसते. केझिकच्या साक्षीदाराला असे करता येत नाही. धावणाऱ्याने माथा गाठला हे सांगायला त्याला स्वतः तो माथा चढावा लागतो!

फेरीचे सहसा पाच टप्पे पाडतात. प्रत्येक टप्प्याला सोबती बदलतात. तेच पाणी वाहतात, खाऊ घालतात, धुक्यात वाट शोधतात आणि माथ्यामाथ्यावरची वेळ टिपून ठेवतात. २०१८ मध्ये किलियन जोर्नेट या जगप्रसिद्ध धावपटूने ही फेरी १२ तास ५२ मिनिटांत पुरी केली आणि बिली ब्लँड यांचा १९८२ पासूनचा विक्रम मोडला. त्याच्याही सोबतीला तिथलेच धावपटू आळीपाळीने होते.

माझा भाचा तिकडे उत्तर इंग्लंडमध्ये एका इस्पितळात नोकरी करतो. त्याच्या हाताखालचा नव्हे, बरोबरीचा एक सहकारी या फेरीला निघाला तेव्हा दुसऱ्या टप्प्यासाठी माणूस कमी पडला. डोंगराची सवय असलेल्या आणखी दोघांबरोबर भाचा गेला. या टप्प्यात १२ माथे, आणि वेळ रात्रीची. मी फोनवर विचारले, "तू काय केलेस रे?"

"मामा, मी पिशवी घेतली आणि वेळा लिहिल्या. हेल्वेलिनच्या माथ्यावर त्याला काही गिळवेना. चमच्याने गार खीर भरवली, तुझी आजी भरवायची म्हणतोस ना, तशी."

डनमेल रेझ या खिंडीत रस्ता लागतो. तिथे दुसरी मंडळी थांबली होती. भाच्याने कागद त्यांच्या हाती दिला आणि गाडीत जाऊन झोपला. सहकारी संध्याकाळी मूट हॉलला पोचला, चोवीस तासांना वीस मिनिटे कमी असताना. भाचा तेव्हा इस्पितळात कामावर होता.

गोव्यातून पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्यांना हे नवे वाटणार नाही. दिंडीत कुणी थकला की त्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. पण तिथे सगळेच पंढरीला निघालेले असतात. केझिकच्या सोबत्याला स्वतः कुठेच पोचायचे नसते. आपला टप्पा झाला की तो बाजूला होतो.

हे ऐकताना मला बांबोळीतल्या अकरा रात्री आठवल्या. वडील तिथे इस्पितळात होते. मी दिवसा असायचो, रात्री माझे चार मित्र आळीपाळीने. एकाला पहाटेची बस चालवायची असायची, एकाचे किराणा दुकान. ताप किती, सलाइन कधी बदलले, काय खाल्ले, हे लिहायला एक शाळकरी वही ठेवली होती. 'रात्री २.१०, पाणी दोन चमचे. ३.४०, झोप लागली.' असल्याच ओळी, चार वेगवेगळ्या अक्षरांत. अकराव्या रात्रीच्या ओळी दुकानदाराच्या अक्षरात आहेत. वडील घरी परतले नाहीत.

लोक समाचाराला आले तेव्हा म्हणाले, "मुलाने वडिलांचे खूप केले." हे चौघे तेव्हा मागे, अंगणात खुर्च्या मांडत होते. कचेरीत मी मृत्यूचा दाखला दिला, त्यावर कुठल्याही सोबत्याच्या नावाला जागा नव्हती. दाखल्याचा तो दोषही नव्हे. पण ती वही मी अजून फेकलेली नाही. भाच्याचा फोन आल्यावर ती काढली आणि पहिल्या पानावर त्या चौघांची नावे लिहिली, पूर्ण नावे, वडिलांच्या नावांसकट, आम्ही कारकून लिहितो तशी.