वर्गणीची पावती

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

संध्याकाळी प्रचार संपला आणि भोंगे बंद पडले. भांगरवाडीकडून औंढ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीवर तेच गाणं असायचं, फक्त उमेदवाराचं नाव बदललेलं. आज कितीतरी दिवसांनी शेजारच्या खळ्यावरची भाताची झोडणी ऐकू आली. इंद्रायणी भाताच्या पेंढ्या फळीवर आपटल्या की जो दणका होतो, त्याच्यापुढे कुठलंही भाषण फिकं आहे.

थोरला साडेदहाला घरी आला. तो बूथप्रमुख. ताटावर बसला तरी यादी मांडीवर. यंदा त्याची गोची आहे. मावळात विधानसभेच्या यंत्रावर मोठ्या पक्षांपैकी एकट्या घड्याळाचं चिन्ह आहे. समोर अपक्ष बापू भेगडे, आणि त्यांच्यामागे इथला भाजप, शरद पवारांची राष्ट्रवादी, उद्धव ठाकऱ्यांची शिवसेना, काँग्रेस, मनसे असे सगळे एका ओळीत उभे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘मावळ पॅटर्न’ म्हटलं. मुंबईत जे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, ते इथे एका टेम्पोत बसून फिरले.

मी विचारलं, "हे ठरलं कुठे?"

"वर."

"तुला कुणी विचारलं?"

"आप्पा, जेवू द्या की."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

त्याची यादी सकाळी चाळली. निवडणूक आयोगाची छापील यादी असते, पण समासातला मजकूर थोरल्याच्या हातचा. ‘चाकणला, दुसरी पाळी, सकाळी नऊच्या आत.’ ‘घाटकोपर, गाडीची सोय हवी.’ ‘वारले, नाव तसंच.’ ‘भाऊबंदकी, एकत्र आणू नये.’ ‘मनात दुसरं, चहा घ्यायचा, बोलायचं नाही.’ गावाचं एवढं ज्ञान तलाठ्याकडेही नसेल. विद्यापीठात कुणी याच्यावर प्रबंध लिहिला तर डॉक्टर होईल.

एवढं ज्याला कळतं, त्याला उमेदवार कोण असावा हे मात्र कधीच विचारत नाहीत. या एका गोष्टीवर माझं पक्षांशी भांडण आहे, आणि ते सगळ्याच पक्षांशी आहे. एके काळी काँग्रेसचा सभासद व्हायला चार आणे लागत. मध्ये, चोवीस-पंचवीस साली, पैशाऐवजी महिन्याला दोन हजार वार सूत मागायचंही ठरलं होतं. सूत कातणारे थोडेच निघाले आणि ते मागे घ्यावं लागलं. चार आणे काय, सूत काय, सभासद होण्यासाठी माणसाला काहीतरी द्यावं लागत होतं. ज्याने दिलं त्याला तालुका समितीच्या निवडणुकीत मत होतं. आता पक्षच कार्यकर्त्याला देतो: टी-शर्ट, वडापाव, पेट्रोल. घेणारा माणूस विचारणार काय?

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी सातपासून रांग. केंद्रापासून दोनशे मीटरवर प्रत्येक बाजूचं एक टेबल आणि दोन खुर्च्या, नियमाप्रमाणे. तिथे थोरला चिठ्ठ्या फाडत बसलेला. आत सूनबाई, गळ्यात ओळखपत्र. ती अंगणवाडी सेविका आहे आणि बीएलओही. मतदाराचा यादीतला क्रमांक ती न बघता सांगते. नवरा बाहेर, बायको आत, दोघांमध्ये आयोगाने आखलेले दोनशे मीटर. दुपारी आमच्या हिने दोघांना डबे पाठवले, दोन वेगळ्या माणसांच्या हाती. उगाच कुणी तक्रार करायला नको.

बंगलेवाल्यांपैकी फारसं कुणी आलं नाही. त्यांची मतं मुंबईला, इथे फक्त त्यांची पाण्याची टाकी.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकाल. घड्याळवाले सुनील शेळके लाखाहून अधिक मतांनी आले. सगळे पक्ष एका बाजूला आणि मतं दुसऱ्या बाजूला, असंही होतं. एकोणीस साली भाजपने उमेदवारी नाकारल्यावर हेच शेळके राष्ट्रवादीत गेले आणि निवडून आले. पंच्याण्णवपासून ही जागा भाजपकडे होती. एकोणीसलाही कार्यकर्त्यांनी भराभर बाजू बदलल्या होत्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. वरची माणसं रात्रीत घर बदलत असतील, तर खालच्याने एकट्याने उंबरा धरून बसायचं कशासाठी?

थोरला गुलाल न लावता परत आला, अंघोळ करून झोपला. उद्या त्याला दुकान उघडायचं आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ज्ञानोबारायांचा संजीवन समाधी सोहळा. औंढ्यातली दिंडी आळंदीत आहे. यंदा गुडघ्यामुळे मी घरीच. खाली इंद्रायणी वाहते, तीच पुढे देहू-आळंदीला जाते, यावर समाधान मानलं.

दुपारी घाटाचा विचार करत बसलो. नोकरी सगळी तिथेच गेली, खंडाळ्याच्या खाली, आधी गँगमन, मग कीमन. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं, २१ एप्रिल १८६३ ला रूळ खुले झाले. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं खडक फोडत होती. किती मेली त्याची नीट मोजदाद नाही. पटकी, स्फोट, दरडी. १८५९ च्या जानेवारीत कंत्राटदार फॅविएलकडे मजुरी थकली म्हणून या मजुरांनी दंगा केला, गोऱ्या साहेबांवर चाल करून गेले. त्यांची ना युनियन, ना बावटा, ना सभासद क्रमांक. पुढे कंत्राट त्याच्या हातून गेलं. नंतरचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वर्षाच्या आत वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, काम पुढे नेलं. तिचं नाव इतिहासात आहे. दंगा करणाऱ्यांपैकी एकाचंही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही. लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना काढली ती १८८४ ला, म्हणजे या दंग्यानंतर पंचवीस वर्षांनी.

आपल्याकडे युनियन म्हटलं की लोक परळ-लालबाग म्हणतात. म्हणोत. पगारासाठीचं भांडण त्याआधी आमच्या घाटात झालं होतं.

४ डिसेंबर, बुधवार

आज, उद्या आणि परवा रेल्वेत गुप्त मतदान. कुठल्या युनियनला मान्यता, ते कामगार ठरवणार. पहिलं २००७ ला झालं, दुसरं २०१३ ला, आणि मग हे, अकरा वर्षांनी. मला मत नाही, पण पाय लोणावळा स्टेशनकडे वळले. केबिनमागे दोन्ही बाजूंचे मंडप. माझ्या गँगमधल्या एका जुन्या सोबत्याचा मुलगा रात्रपाळी करून थेट रांगेत उभा होता, पायात बूट, खांद्यावर नारंगी जाकीट. त्याच्या पुढे दोन बाया, त्याही ट्रॅकवरच्या. आमच्या काळात गँगमध्ये बाई म्हणजे डबा घेऊन येणारी.

"काका, कुणाला द्यायचं?" त्याने हसत विचारलं.

"वर्गणी कुणाला देतोस?"

"दोघांनाही. दोघंही येतात ना मागायला."

पोरगं हुशार आहे.

चौऱ्याहत्तर साली दोन्हीकडे वर्गणी देणं जमलंच नसतं. ८ मेला रेल्वेचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिसांना २ तारखेलाच लखनौला पकडलं होतं. आमची नॅशनल रेल्वे मजदूर युनियन संपात होती, मजदूर संघ विरोधात. मागण्या म्हणजे बोनस आणि इंजिनवाल्यांना आठ तासांची ड्यूटी वगैरे. मी बावीस वर्षांचा, कायम होऊन फार दिवस झाले नव्हते. पोलीस क्वार्टरांत शिरून माणसं उचलत, म्हणून आम्ही काहीजण रात्री इकडे औंढ्याच्या रानात. आईने भाकरी बांधून पाठवायची. क्वार्टरमधल्या बायकांना सामानासकट बाहेर काढल्याच्या बातम्या रोज येत. गाड्या टेरिटोरियल आर्मी चालवत होती. २७ मेला संप मागे घेतला. मला सेवाखंड लागला, म्हणजे मागची नोकरी धरायची नाही. सत्त्याहत्तरला सरकार बदललं, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेले लोक परत आले. माझा खंडही भरून निघाला. बोनस मिळाला एकोणऐंशीत.

म्हणजे संप हरला, आणि ज्यासाठी केला ते पाच वर्षांनी आलं. हरलेल्या संपाला फुकट गेला म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, बोनसची तारीख सांगतो.

ट्रंकेत त्या वर्षीच्या वर्गणीची पावती आहे. कार्बन कागदाची जांभळी अक्षरं पुसट झालीत, पण कोपऱ्यातला शिक्का वाचता येतो. घेणाऱ्याची सही मराठीत आणि देणाऱ्याची, म्हणजे माझी, इंग्रजीत. तेव्हा नुकती शिकलो होतो, जिथे तिथे करायचो. वर्गणी पगाराच्या दिवशी मुकादमाच्या समोर उघड घेत. मुकादम कोण कोण देतं ते बघून ठेवायचा, तरी देत होतो.

८ डिसेंबर, रविवार

सूनबाईच्या युनियनची बैठक वडगावला. तिला सोडायला गेलो आणि मागच्या ओळीत बसलो. बाया दोनशे तरी असतील, सेविका नि मदतनीस, बीटप्रमाणे बसलेल्या. मांडीवर लेकरं, पिशवीत रजिस्टर. पहिला विषय लाडकी बहीण योजनेचा. उन्हाळा सरल्यावर यांनीच घरोघरी अर्ज भरले, अर्जामागे ५० रुपये जाहीर झाले होते. त्या पैशांचं काय, हे चार जणींनी चार आवाजांत विचारलं.

मग एक मदतनीस उठली. साठीला आलेली, नऊवारीतली, आंदर मावळाकडची असावी. म्हणाली, "गेल्या संपाच्या निधीचा हिशेब वाचा." व्यासपीठावरच्या बाईंनी वही काढली आणि वाचला. मुंबईच्या गाड्यांचं भाडं, मंडप, पाणी, दवाखाना, शिल्लक. तिने दोन ठिकाणी थांबवून विचारलं. भाडं एवढं कसं? कुणीतरी उत्तर दिलं, तिला पटलं, बसली.

मी इतक्या पक्षांच्या सभा पाहिल्या, पण असा प्रश्न त्यात कधी ऐकला नाही. तिला हा हक्क कुणी दयेने दिलेला नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात विसावं कलम आहे: युनियनच्या हिशेबाच्या वह्या कुठलाही सभासद पाहू शकतो. दर वर्षी हिशेब तपासून निबंधकाकडे पाठवावा लागतो. २००१ ला दुरुस्ती झाली तेव्हा ग्रामीण मजुराची किमान वर्गणी ठरली वर्षाला १ रुपया, असंघटितांची ३, बाकीच्यांची १२. एका रुपयात वही उघडता येते, याहून स्वस्त लोकशाही मला माहीत नाही.

आणि यांचा गेला संप काही साधा नव्हता. ४ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला तो जानेवारी संपत आली तेव्हा थांबला. सेविकेला तेव्हा मानधन होतं १०,००० आणि मदतनिसाला ५,५००. तेही २०२३ च्या फेब्रुवारीतल्या आधीच्या संपामुळे वाढलेलं. मागणी होती ग्रॅच्युइटीची, जी २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने लागू ठरवली, आणि पेन्शनची, वेतनाची. कामावर या नाहीतर काढू, अशा नोटिसा आल्या. सूनबाईने नोटीस फ्रीजवर चुंबकाने लावली होती. थोरला तेव्हा म्हणाला, "मी वर बोलून बघतो." ती म्हणाली, "नको. आमचं आम्ही बघू."

बैठक संपल्यावर थोडं पुढे तळेगावात चहाला गेलो. याच तळेगावात १९०८ ला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना: माणशी एक पैसा. टिळकांनी ती उचलून धरली. लोकांनी पैसा पैसा दिला आणि त्यातून भट्टी पेटली. तिथून पुढे, एमआयडीसीकडे, जनरल मोटर्सचा कारखाना. २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबलं, पुढे तो ह्युंदाईने घेतला. तिथले कामगार नोकरीसाठी किती दिवस भांडले ते मावळाने पाहिलं. सूनबाईला म्हटलं, इथे एक पैसा देऊन कारखाना निघाला होता. ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे अजून निम्म्या बायांची वर्गणी राहिलीय. त्यांना हे सांगते."

१२ जानेवारी २०२५, रविवार

थोरल्याच्या पक्षाची सभासद नोंदणी सुरू आहे. प्रत्येक बूथला आकडा दिलाय. तो सकाळपासून गावभर लोकांचे मोबाइल हातात घेऊन फिरतोय. मिस्ड कॉल द्यायचा, दुवा येतो, नाव भरायचं, झाला सभासद. दुपारी माझाही फोन मागितला.

"पैसे किती?"

"फुकट आहे, आप्पा."

"मग हिशेब कुणाला विचारायचा?"

तो हसला. फोन मी दिला नाही. त्याचा आकडा माझ्यावाचूनही भरेल. नदीपलीकडच्या आळीतल्या वारलेल्यांचे दोन-तीन नंबर अजून चालू आहेत.

चिडलो नाही. पोरगा मेहनती आहे, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर गाव आधी त्यालाच हाक मारतं, आणि ते तो पक्षासाठी करत नाही. पण त्याला एवढंच सांगितलं: जिल्हा परिषदेची उमेदवारी ठरेल तेव्हा तालुक्याच्या बैठकीत उभा राहा आणि सगळ्यांसमोर विचार की नाव कुणी सुचवलं. हाकललं तर घरी ये. तुझ्या बायकोच्या बैठकीत मागच्या ओळीत जागा असते.

तो म्हणाला, बघू. अजून विचारलेलं नाही. सूनबाईची या वर्षाची वर्गणी भरून झाली, पावती तिने फ्रीजवर त्या नोटिशीशेजारीच लावली आहे.