दोन छेद पाच

धायरीत मी गणिताची शिकवणी घेते. येणारी मुलं बहुतेक सहावी-सातवीची. कुणाचे वडील फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये, कुणाचे बांधकामावर. सोडायला आलेली आई सांगते, "मॅडम, याचं गणित लई कच्चं आहे. पाढे पाठ करून घ्या." पाढे मी घेतेच. पण मूल अडलेलं असतं ते बहुतेक वेळा अपूर्णांकांवर.

१/२ अधिक १/३ किती? उत्तर हमखास येतं, २/५. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. यावर लाल रेघ ओढून 'लसावि काढ' म्हटलं की मूल लसावि काढतं, उत्तर जुळवतं आणि काही दिवसांनी पुन्हा २/५ लिहितं. कारण आपली रीत त्याला अजून खरीच वाटत असते. आणि एका ठिकाणी ती खरी आहेही! दोन गुणांच्या प्रश्नाला एक गुण मिळाला, तीन गुणांच्या प्रश्नाला एक, तर झाले पाचपैकी दोन. शाळा गुणांची बेरीज अशीच करते. तिथे 'पूर्ण' दर वेळी बदलतो. आधी दोन, मग तीन, शेवटी पाच. अपूर्णांक मिळवताना मात्र दोन्ही भाग एकाच पूर्णाचे हवेत. हे त्याच्याच रीतीतून उलगडलं की त्याला पटतं. मग मी विचारते, अर्ध्यात आणखी भर घातली, तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं?

इथून पुढचं काम वडिलांची टेप करते. फूट बारा इंचांचा. अर्धा फूट म्हणजे सहा इंच, फुटाचा तिसरा भाग चार इंच. मिळून दहा इंच, बारापैकी दहा, म्हणजे ५/६. त्याहून बारीक मोजायचं तर सूत आहेच. इंचाचे आठ सूत. अर्धा इंच चार सूत, पाव इंच दोन सूत, मिळून सहा सूत; झाला पाऊण इंच. १० मिलिमीटरच्या सळईला साइटवर अजूनही तीन सुती म्हणतात, ते या मुलांनी घरात ऐकलेलं असतं. दोन्ही अपूर्णांकांचे अंश आणि छेद एकमेकांच्या छेदाने गुणायचे, ही समच्छेद करण्याची रीत भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त दिली आहे. ती पाठ करायला वेळ लागत नाही. पण असं का करायचं, ते टेपवर बोट ठेवल्यावर दिसतं.

आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) तोंडपाठ असायची. रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा ती रोज लागायची. १९५७ साली दशमान नाणी आली आणि तिची गरज संपत गेली. ती परत आणावी असं मला वाटत नाही. मात्र मोजण्याचा तो रोजचा सराव गेला, त्याची जागा शाळेने भरायला हवी होती. ती भरलेली मला दिसत नाही.

दशांशातही मुलांची अशीच चूक होते. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे! मीटरच्या टेपवर ३५ सेंटिमीटर आणि ४० सेंटिमीटर दाखवले की पुढे फार बोलावं लागत नाही.

पालकांना एक विनंती आहे. घरी मुलाचं गणित चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगू नका. "हे कसं केलंस?" एवढंच विचारा आणि त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.