एकोणीस अनाम फायली

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी कूलर लावून प्रुफं तपासायला बसले, तर लॅपटॉपने जागा संपल्याची सूचना दिली. छत्तीसगडमधल्या एका गावावरच्या हिंदी कादंबरीचं मराठी भाषांतर मी तीन वर्षं करत होते, आणि प्रुफं परत पाठवायला सहा दिवस उरले होते. जागा कुणी खाल्ली ते शोधायला वेळ लागला नाही. भाषांतराच्याच फोल्डरमध्ये, एरवी डोळ्यांना न दिसणाऱ्या एका उपफोल्डरने बारा जीबी अडवले होते.

मी माझे खर्डे गिटमध्ये ठेवते. साहित्यातल्या माणसांना हे विचित्र वाटतं, म्हणून थोडं सांगते. गिट ही मुळात प्रोग्रामरांची सोय. लिनस टोरवाल्ड्सने 2005 साली लिनक्सच्या कामासाठी ती लिहिली. बदल नोंदवला की त्या क्षणी मजकूर जसा असेल तसा जपला जातो आणि मागचं पान केव्हाही काढून बघता येतं. पुण्याच्या भाच्याने मला ते शिकवलं आणि ‘अंतिम’, ‘अंतिम नवा’, ‘खरंच अंतिम’ अशा फायलींतून माझी सुटका झाली. स्कॅन, ध्वनिमुद्रणं अशा जड फायलींसाठी गिटला एलएफएस नावाची जोड आहे. इतिहासात फक्त एक चिठ्ठी राहते, खरी फाईल वेगळ्या कोठीत जाते. मी प्रत्येक खर्डा छापून त्यावर पेनाने दुरुस्त्या करते आणि ती पानं स्कॅन करते. तीनशे पानं, पाच फेऱ्या. कोठी भरणारच.

भाच्याला फोन केला. “मावशी, एलएफएस प्रून चालव. जुन्या प्रती जातील, सर्व्हरवर त्या आहेतच. पण आधी ड्राय रन कर हं.” ड्राय रन म्हणजे तालीम. काय पुसलं जाईल ते दिसतं, पुसलं काही जात नाही.

यादी आली. तिच्यात नावं नव्हती. एलएफएस प्रत्येक फाईल तिच्या मजकुरावरून काढलेल्या 64 अक्षरांच्या खुणेने ओळखतं, त्यामुळे यादीत ती खूण आणि आकार, एवढंच. सात एमबी, आठ एमबी, सात एमबी, ओळीमागून ओळ. मग मध्येच 14, 17, 15. अशा मोजल्या, एकोणीस निघाल्या. पान कितीही खरडलेलं असलं तरी त्याचा स्कॅन सतरा एमबीचा होत नाही.

त्या बाबांच्या फायली होत्या.

आमचं घर तात्यापाऱ्यात. पणजोबा नागपूरहून आले तेव्हा रायपूर मध्यप्रांतात होतं आणि राजधानी नागपूर. 1950 मध्ये घर मध्य प्रदेशात गेलं, 2000 मध्ये छत्तीसगडमध्ये. बाबांची मराठी या सगळ्यातून आलेली. घरात वऱ्हाडी वळणाची, बाजारात हिंदी, आणि नोकरीत धमतरी-महासमुंदची गावं फिरून कमावलेली छत्तीसगढी. मी खर्डा वाचून दाखवायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि अडवायचे. ‘बासी’ला मी ‘शिळा भात’ म्हटलं तेव्हा अर्धा तास वाद झाला. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी मीठ-कांद्याशी खायचा तो भात, त्यात शिळेपणाची नाचक्की कुठली, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं मी फोनवर मुद्रित करून गिटमध्ये एका वेगळ्या शाखेत ठेवायची.

दिवाळीआधी मजकूर प्रकाशकाला पाठवताना ती शाखा मी पुसली. सूचना तर मजकुरात उतरल्या होत्या, मग ओझं कशाला? सर्व्हरवरची मोठ्या फायलींची मर्यादा भरत आली होती, म्हणून त्या तिथे कधी चढवल्याही नव्हत्या. ही शाखा कुठेच मिळवलेली नाही, असं गिटने हटकलं. मी बळजबरीची आज्ञा दिली. डिसेंबरात फोन बदलला. जानेवारीत बाबा गेले.

शाखा पुसली तरी गिट लगेच काही टाकून देत नाही. आपण कुठून कुठे गेलो त्याची ते एक रोजनिशी ठेवतं. पण ज्यांच्यापर्यंत आता कुठलीही शाखा पोचत नाही, अशा नोंदी त्या रोजनिशीतूनही तीस दिवसांनंतरच्या झाडलोटीत गळतात. मग सुट्या उरलेल्या तुकड्यांना दोन आठवड्यांची सवलत. तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी वर आली म्हणतात. गिटच्या हिशेबात ती एक दिवस राखून वाचली असती. मी शोधायला बसले ते फेब्रुवारीत, तेव्हा मुदत उलटली होती. आवाज गेला, असं धरून मी चालले होते.

गेली होती ती फक्त नावं. गिटची नेहमीची झाडलोट एलएफएसच्या कोठीला हात लावत नाही. प्रून मात्र लावतं. इतिहासात आहेत पण सर्व्हरवर अजून चढवलेल्या नाहीत, अशा फायली ते राखतं. ज्या फाईलकडे इतिहासातून वाटच उरली नाही, तिची दुसरी प्रत कुठे आहे का, हे ते आपण होऊन विचारत नाही. म्हणजे बाराशे स्कॅन गेले असते तर सर्व्हरवरून परत आले असते. या एकोणीस आल्या नसत्या.

कोठीत फाईल जशीच्या तशी असते. खुणेची पहिली दोन अक्षरं म्हणजे एक फोल्डर, पुढची दोन त्याच्या आतलं. सतरा एमबीची शोधली, पेनड्राइव्हवर प्रत घेतली, नावाच्या शेवटी एमफोरए जोडलं आणि उघडली. पंख्याची घरघर, देवळातली घंटा, आणि मग, “अगं थांब. मितानचा मित्र केलास का तू?”

मितान म्हणजे इकडचं विधिपूर्वक जोडलेलं नातं. दोन माणसं मितान झाली की दोन्ही घरं बांधली जातात, पुढच्या पिढ्यांसकट. बाबा मुद्रणात तेच सांगतात. “मित्र रागावला तर सुटतो. मितान सुटत नाही. त्याच्या घरचं लग्न आपलं, मरण आपलं. एक शब्द राहू दे ना इथला.”

मी तो राहू दिला होता. आणि शेवटच्या फेरीत, वाचकाला कळणार नाही अशी संपादकांची शंका आल्यावर, अकरा ठिकाणी ‘जिवलग मित्र’ केला होता. सूचना मजकुरात उतरली, एवढंच मी लक्षात ठेवलं होतं. तिचं कारण पुसलेल्या शाखेत होतं, म्हणून शंकेला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

एम.ए.ला तुलनात्मक साहित्य शिकताना मुक्तिबोधांवरून आमचे वाद व्हायचे. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. आयुष्याची शेवटची वर्षं इथून सत्तरेक किलोमीटरवरच्या राजनांदगावला, दिग्विजय महाविद्यालयात शिकवण्यात गेली. कविता ते वर्षानुवर्षं पुन्हा लिहायचे. पहिला संग्रह 1964 मध्ये, ते गेल्यावर आला. कवीने पुढे ठेवला तोच पाठ खरा, बाकी कागद कोठीत, असं मी तावातावाने म्हणायची. छापण्यापुरतं अजूनही म्हणेन. पण कोठीची किल्ली कुणाकडे आहे, हे तेव्हा मी विचारलं नव्हतं.

एकोणीस फायलींना मी नावं दिली. ‘बासी’, ‘मितान’, ‘तरिया’, ज्या शब्दावर वाद झाला त्याचं नाव. दोन प्रती केल्या, एक भाच्याकडे पाठवली. मग प्रून चालवलं. पुष्कळ जीबी मोकळे झाले आणि त्यातल्या कशाचंही मला वाईट वाटलं नाही.

संपादकांना त्याच रात्री लिहिलं, की अकरा ठिकाणी ‘मितान’ परत घ्यावा लागेल, आणि कारण कळवलं. त्यांचं उत्तर सकाळी आलं. कादंबरीत हा शब्द पहिल्यांदा येतो तिथे एक वाक्य वाढवा, मग वाचकाला अडणार नाही. ते वाक्य मी बाबांच्या बोलण्यातून घेतलं. प्रुफं वेळेत गेली. तीन मुद्रणं अजून ऐकायची आहेत.