आधी हात, मग माउस

संगणकाच्या शेजारी निमूटपणे पडून राहणाऱ्या एका लहानशा साधनाविषयी चार शब्द लिहावयाचे मी आज योजिले आहे. इंग्रजीत उंदराचे नाव धारण करणारे हे यंत्र आपल्याकडेही माउस ह्याच नावाने रूढ झाले आहे. विषय क्षुल्लक आहे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु ह्याच क्षुल्लक वस्तूपायी एका विद्यार्थ्यावर माझ्या हातून अन्याय घडला, आणि तो माझ्या ध्यानात येण्यास जवळजवळ एक सत्र लोटावे लागले. तो अन्याय कसा घडला व त्याच्या निवारणार्थ मला काय काय शिकावे लागले, हे सांगितल्याने दुसऱ्या कोणाची तरी चूक टळेल, अशी आशा वाटते.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात चिखली तालुक्यातील एका खेड्यातून आलेला एक मुलगा होता. अंगाने तो थोराड; सुट्टीत बापाच्या बरोबरीने वखर धरणारा आणि सोयाबीन सोंगणारा. वर्गात शांत, गणितात हुशार. परंतु संगणकाच्या तासास त्याची अगदी त्रेधा उडे. मी मुलांस माउसच्या साहाय्याने आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढावयास देत असे. इतरांच्या रेषा बऱ्यापैकी जुळत. ह्याची रेषा मात्र लोणारच्या सरोवराकडे जावयाची ती भलतीकडेच भरकटे. एका ठिकाणी बोट दाबावे तर दोन ठिकाणी दाबले जाई. एके दिवशी माझा तोल सुटला व मी म्हणालो, “अरे, हे हात आहेत की वखराची पास?” सारा वर्ग हसला. मुलाने मान खाली घातली. त्या दिवसापासून तो मागच्या बाकावर बसू लागला आणि आपली पाळी आली की माउस मुकाट्याने सोबत्यापुढे सारू लागला. त्याला ह्या विषयाची गोडी नाही, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो.

पुढे पालकसभेच्या दिवशी त्याचे वडील आले. संगणकाची खोली पाहत असता त्यांनी सहज तो माउस उचलून आपल्या तळहातावर ठेविला. तो तेथे एखाद्या लिंबासारखा दिसू लागला. ते म्हणाले, “सर, हे तं लेकराच्या हाताचं दिसते. आमच्याकडे खुरप्याची मूठ बी माणसाचा हात पाहून बसवतात. ह्याच्या हाताले हे कसं पुरीन?”

मी पदवीधर, वीस वर्षे अध्यापन केलेला मनुष्य. परंतु जी गोष्ट ह्या शेतकऱ्यास एका क्षणात दिसली ती मला सहा महिन्यांत दिसली नव्हती. आश्चर्य हे की, माझा स्वतःचा पंजाही मोठाच आहे, आणि वार्षिकाची मुद्रिते तपासण्याच्या दिवसांत माझे मनगट दुखून येते व करंगळी टेबलावर घासून लाल होते. ते दुखणे मी वयाच्या माथी मारीत आलो होतो. त्याच सायंकाळी पट्टी घेऊन मी प्रथम तो माउस मोजला. त्याची लांबी भरली जेमतेम 10 सेंटिमीटर. प्रवासात पिशवीत सहज मावावे म्हणून बनविलेले ते साधन, स्वस्त मिळते म्हणून आम्ही डझनांनी आणून सर्व मुलांच्या हाती दिले होते.

ह्या यंत्राचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट विशेष वाटते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथे डग्लस एंगेलबार्ट ह्यांनी त्याची कल्पना केली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश ह्यांनी 1964 साली पहिला नमुना घडविला. तो लाकडी होता. खाली काटकोनात बसविलेली दोन चाके आणि वर एकच कळ. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट ह्यांनी तो विद्वानांच्या सभेत चालवून दाखविला. पुढे चाकांच्या जागी गोळी आली आणि नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून गोळी जाऊन प्रकाशकिरण आले. आतले यंत्र असे दर पिढीस सुधारत गेले. परंतु मनुष्याच्या हाताचे माप काही कारखान्याच्या सोयीने बदलत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे हात मोजणे. हात सपाट ठेवावा, बोटे जुळवावी, आणि मनगटावरील रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी घ्यावी. नंतर अंगठा वगळून चार बोटांच्या मुळाशी पंजाची रुंदी घ्यावी. लांबी सुमारे 20 सेंटिमीटर वा त्याहून अधिक भरली तर हात मोठा समजावा. माझा हात साडेवीस भरला, त्या मुलाचा 21. जाणकार लोक एक ढोबळ नियम सांगतात की, माउसची लांबी हाताच्या लांबीच्या शेकडा 60 च्या आसपास असावी. ह्या हिशेबाने 21 सेंटिमीटरांच्या हातास सुमारे 126 मिलिमीटर लांबीचा माउस हवा. आमच्या शाळेतील माउस त्याहून अडीच सेंटिमीटरांनी आखूड होता!

दुसरी गोष्ट धरण्याच्या रीतीची. कोणी संपूर्ण तळहात माउसच्या पाठीवर टेकतो. त्यास लांब व उंच पाठीचा माउस हवा. कोणी तळहाताचा मागचा भाग टेकून बोटे पंजासारखी वाकवितो; त्यास थोडा आखूडही चालतो. कोणी केवळ बोटांच्या टोकांनी धरतो. त्यास लहान व हलका बरा. मोठ्या हाताचा मनुष्य लहान माउस धरतो तेव्हा ह्यांपैकी कोणतीही रीत तो आपखुशीने निवडीत नाही. जागेच्या अभावी बोटे आखडून घ्यावी लागतात, आणि आखडलेल्या बोटांनी कळ नको तेव्हा दाबली जाते. त्या मुलाच्या भरकटणाऱ्या रेषेचे रहस्य बहुतांशी हेच होते.

आता शोध सुरू केला तेव्हा असे आढळले की, हातांच्या मापांचा सर्वांत बारकाईने विचार संगणकावर खेळ खेळणाऱ्यांसाठी माउस बनविणाऱ्यांनी केला आहे. कारण उघड आहे. कचेरीतील मनुष्य अधूनमधून माउस हाती घेतो. खेळाडू तो तासन्‌तास सोडीत नाही, आणि क्षणार्धाच्या विलंबाने त्याचा डाव जातो. परंतु खेळाचा माउस ही वस्तू शाळेत आणावी काय, असा प्रश्न माझ्या मनात आला, तसाच तो पुष्कळ पालकांच्याही मनात येईल. त्यांस माझे सांगणे असे की, साधनाच्या नावास भिऊ नये, त्याचा उपयोग पाहावा. हांगचौ येथे 2023 साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-क्रीडेस पदके दिली गेली. आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घातली, परंतु ई-क्रीडेस त्यांपासून निराळे मानिले. तथापि खेळास वेळेचे बंधन असावेच. आणि ते माउसने नव्हे, घरच्या वडीलधाऱ्यांनी घालावयाचे असते.

अडचण अशी की, आपल्या बुलढाण्यात अशा वस्तूंचे पुष्कळ नमुने हाताळून पाहावयास मिळणे कठीण. एका रविवारी दुपारी मी व तो मुलगा बोथ्याच्या घाटातून खामगावास गेलो. तेथेही बहुतेक माल बंद पेटीत. परत येताना त्यानेच युक्ती सुचविली. पोळ्यास ज्या मातीचे बैल करितात त्या मातीचे, पेट्यांवर छापलेल्या मापांबरहुकूम, त्याने तीन माउस घडविले आणि सावलीत वाळविले. पहिला लॉजिटेकच्या जी 102 ह्या नमुन्याच्या मापाचा, सुमारे 117 मिलिमीटर लांब; दुसरा रेझरच्या डेथॲडर इसेन्शियलचा, 127 मिलिमीटर लांब व 43 उंच; तिसरा लॉजिटेकच्या जी 502 चा, 132 मिलिमीटर लांब. पहिल्यावर त्याची बोटे पुढे लोंबू लागली. तिसरा हातात भरला खरा, परंतु खरा माउस 121 ग्रॅम वजनाचा आहे, व दिवसभर इकडेतिकडे सारावयास तो त्यास जड वाटेल अशी मला शंका आली. दुसरा त्याच्या तळहाताखाली असा बसला की, त्याने डोळे मिटून हसून मान डोलाविली. खऱ्या वस्तूचे वजन सुमारे 96 ग्रॅम. आम्ही तोच मागविला. तो उजव्या हाताच्या ठेवणीचा आहे. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंस सारखा असलेला आकार पाहून घ्यावा. हलकेच साधन हवे असेल, तर डेथॲडर व्ही3 हा तारेचा नमुना 128 मिलिमीटर लांब असूनही 59 ग्रॅमच भरतो; मात्र किंमत अधिक पडते.

सोय झाली तरी टिकाऊपणा उरतोच. माउस बहुधा प्रथम आपल्या कळेत बिघडतो. कळेखाली धातूची एक लहान पट्टी असते. ती झिजली की एकदा दाबूनही दोनदा दाबल्यासारखे होते. कारखानदार ह्या कळेचे आयुष्य 2 कोटी, 5 कोटी दाब अशा आकड्यांनी सांगतात. काही नव्या नमुन्यांत पट्टीच्या ऐवजी प्रकाशकिरण तुटल्याने दाब कळतो. तेथे ही झीज संभवत नाही. तार लवचीक असावी, तळाशी टेफ्लॉनचे गुळगुळीत तुकडे असावेत, बाजूंचे रबर घामाने सैल होणारे नसावे, आणि शक्य तर दोन वर्षांची हमी लिहून घ्यावी. पेटीवरील डी. पी. आय. चे मोठमोठे आकडे पाहून भुलू नये. कित्येक हजारांची बढाई असली तरी पुष्कळ कसलेले खेळाडू 400 ते 1600 मध्येच आपले काम भागवितात. सामान्य माउस सेकंदास 125 वेळा आपली जागा संगणकास कळवितो, खेळाचा 1000 वेळा; ह्याहून अधिकाची विद्यार्थ्यास गरज नाही. आणि साधन कितीही चांगले असले तरी अर्ध्या तासाने हात सैल सोडावा. बोटांस मुंग्या येत राहिल्या तर माउस बदलीत न बसता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

नवा माउस आला त्या दिवशी मी वर्गासमोर उभा राहून सांगितले की, मी ह्या मुलाच्या हातांची थट्टा केली ती माझी चूक होती. दोष मी दिलेल्या साधनात होता. वर्ग ह्या वेळी हसला नाही. तास संपल्यावर मुलगा मजजवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, मले वाटे, माहेच हात खराब हायेत.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. पंधरा वर्षांच्या ज्या हातांनी वखर धरला, पिके सोंगली, ते हात खराब आहेत असे त्याला वाटू लागले होते. आणि ते वाटावयास लावणारा त्याचा शिक्षक होता.

त्याच्या रेषा दुसऱ्याच दिवशी सरळ झाल्या, असे मी म्हणणार नाही. सवय मोडावयास दोन आठवडे लागले, व नकाशात चुका अजूनही होतात. परंतु त्या आता भूगोलाच्या चुका असतात, हाताच्या नव्हेत. लोणारचे सरोवर मात्र त्याने उत्तम काढिले. आता आमच्या संगणकाच्या खोलीत तीन मापांचे माउस आहेत, आणि वर्षाच्या पहिल्या तासास आम्ही सर्वांचे हात मोजतो. त्यात असेही आढळले की, पाचवीतील काही लहान मुलींस मधल्या मापाचा माउसही मोठा होत होता आणि त्या बिचाऱ्या दोन्ही हातांनी तो ढकलीत होत्या. त्यांनीही कधी तक्रार केली नव्हती.

पवित्र शास्त्रात दाविदाची गोष्ट आहे. शौल राजाने प्रेमाने दिलेले चिलखत त्याने अंगावर चढविले, परंतु त्याची सवय नसल्यामुळे ते उतरवून ठेविले व ओढ्यातील पाच गुळगुळीत गोटे निवडून घेतले. दाविदास हे बोलून दाखविण्याचे धैर्य होते. आपली मुले पुष्कळदा बोलत नाहीत. न बसणारे साधन ती निमूटपणे वापरतात आणि दोष आपल्या पदरी घेतात. म्हणून पालकांस विनंती आहे की, मुलास माउस घेऊन द्यावयाचा असो, सायकल असो वा बसावयाची खुर्ची असो, दुकानात जाण्यापूर्वी त्याचा हात आपल्या हातात घेऊन एकदा नीट पाहावा.