पँटचा नंबर आणि पोटाचा घेर

वजन 70 किलो, उंची 170 सेंटीमीटर. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो, माझा 24.2. मोबाइलमधल्या अ‍ॅपनं तो हिरव्या पट्ट्यात दाखवला, कारण त्याची रेघ 25 वर होती. बायको म्हणायची, "अहो, हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, हे कसलं बरोबर वजन?" मी तिच्यापुढे मोबाइल धरायचो.

मग तपासणीत एचबीए1सी 6.1 आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. लॅबनंच घोळ घातला असणार म्हणून दुसरीकडे रक्त दिलं. तिथंही तेच.

डॉक्टर म्हणाले, 25 ची रेघ आपल्यासाठी नाहीच. भारतीयांसाठी 2009 मध्ये ठरलेल्या निकषांनुसार 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा. तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात स्नायू कमी नि चरबी जास्त, तीही पोटात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी तर 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचाही बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2!

"कंबर किती?" या प्रश्नाला मी ऐटीत "34" म्हणालो. तो पँटचा नंबर होता, आणि पँट मी पोटाखाली बांधत होतो. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावल्यावर घेर भरला 96 सेंटीमीटर.

घाबरून मी आणखी एक मूर्खपणा केला. रात्रीचं जेवणच बंद केलं. काटा भराभर उतरला, शेजाऱ्यांनी कौतुकही केलं, पण पोट जवळपास तसंच आणि जिना चढताना पाय लटपटू लागले. चरबीबरोबर होते नव्हते ते स्नायूही चालले होते. आता दोन्ही वेळा जेवतो. भात कमी, उसळ-अंडी जास्त, रोज चालणं आणि बैठका. घेर सावकाश उतरतोय.

पुरुषांचा घेर 90 च्या आत हवा, बायकांचा 80 च्या. शिवणाच्या डब्यातली टेप चालेल, पण श्वास सोडून मोजा. पोट आत ओढून घेतलेलं माप मीही एकदा डॉक्टरांना सांगून पाहिलंय. त्यांनी पुन्हा मोजलं.