हातवारे

आपण प्रतिष्ठित आहों असा ज्या कोणा गृहस्थाचा समज झाला असेल, त्यानें एकदां दिवाणखान्याच्या मधोमध उभें राहून, हातांत चेंडू नसतांना चेंडू फेंकून पाहावा. आणि तेंही आई, पत्नी, धाकटा भाऊ, भावजय व नऊ वर्षांचा पुतण्या इतकीं माणसें समोर कोचावर बसलेलीं असतां. मीं हा प्रयोग केला आहे. त्याला आतां बरींच वर्षें लोटलीं. परंतु वर्गांत शिकवितांना माझा हात भरांत येऊन जरा उंच गेला, कीं मला अजून त्या संध्याकाळची आठवण होते, आणि हात मुकाट्यानें खालीं येतो.

ही हकीकत २००९ सालच्या डिसेंबरांतली. माझा भाऊ अमेरिकेंत न्यू जर्सींतील एडिसन येथें राहतो. आईला त्याचें घर पाहावयाचें होतें म्हणून कॉलेजच्या सुटींत आम्ही तिघें तिकडे गेलों होतों. बाहेर बर्फ पडून रस्ते बंद झाले होते. मराठी माणसाला घरांत कोंडून घातलें म्हणजे तो एक तर खातो, नाहीं तर जुन्या गोष्टी उकरून काढतो. खाऊन झालें होतें. उकरण्याजोगी गोष्ट एकच होती, आणि नेमकी तीच आम्हां दोघां भावांना टाळावयाची होती.

ती गोष्ट म्हणजे वाईच्या गणपती आळींतलें आमचें घर. वडील २००५ सालीं वारले, आई माझ्याकडे पुण्यास आली, आणि घराला कुलूप लागलें. बंद घराचें काय होतें हें ज्यांचें असें घर आहे त्यांना सांगावयास नको. कौलें फुटतात, तुळयांना वाळवी लागते, आणि शेजाऱ्याचें कुंपण दर वर्षीं वीतभर अलीकडे येतें. दर पावसाळ्यापूर्वी मी एकटाच जाऊन घर शाकारून घेत असें. देखभाल सोपी व्हावी म्हणून भावानें मला कुलमुखत्यारपत्र करून दिलें होतें. २००७ सालीं एक बरें गिऱ्हाईक आलें, आणि मीं त्याच कागदाच्या आधारें घर विकून टाकलें. भावाला कळविलें तें खरेदीखत नोंदल्यावर. त्याच्या वांट्याची रक्कम मीं पै न् पै पाठविली. हिशेबांत माझ्याकडे बोट दाखवावयास कोणाला जागा ठेविली नाहीं. तो टेलिफोनवर एवढेंच म्हणाला, "बरं केलंस." त्यानंतर दोन वर्षें तो माझ्याशीं ज्या सभ्यतेनें बोलत होता, त्या सभ्यतेनें सख्खे भाऊ एकमेकांशीं बोलत नसतात.

तर त्या संध्याकाळीं पुतण्यानें टेलिव्हिजनशेजारची एक पांढरी, जाड पुस्तकाएवढी पेटी चालूं केली आणि माझ्या हातांत एक पांढरी कांडी दिली. ही पेटी म्हणजे 'निन्टेन्डो' या जपानी कंपनीचें 'वी' नांवाचें यंत्र. ही कंपनी १८८९ सालीं क्योटो शहरांत निघाली ती फुलांचीं चित्रें असलेले खेळण्याचे पत्ते करण्यासाठीं. मला ही गोष्ट फार आवडते. आमच्याकडे गंजिफा मांडून बसत तशीं तिकडे त्या पत्त्यांभोंवतीं माणसें बसत असतील. पुढें त्या कंपनीनें विजेचे खेळ काढले, जगभरचीं मुलें त्यांना चिकटलीं, आणि खेळाच्या साधनावर इतक्या कळा आल्या कीं बापाला तें हातांत धरण्याचीही भीति वाटूं लागली. मग २००६ सालीं हें यंत्र निघालें. कंपनीचे त्या वेळचे अध्यक्ष सातोरू इवाता यांचा आग्रह असा, कीं खेळणाऱ्यांचा परीघ वाढला पाहिजे. आजवर जे खेळले नाहींत त्यांच्याही हातीं हें साधन गेलें पाहिजे. म्हणून त्याचा आकार टेलिव्हिजनच्या रिमोटसारखा ठेवला. कारण तो रिमोट हातांत धरावयास भीत असेल असा मनुष्य आतां कोणत्याही घरांत सांपडत नाहीं. एक हात मोकळा, दुसऱ्यांत कांडी, आणि कळा दाबण्याऐवजीं प्रत्यक्ष हातवारे करावयाचे. अशीं यंत्रें दहा कोटींहून अधिक खपलीं. पत्त्यांपासून निघालेलें घराणें ११७ वर्षांनीं पुन्हां माणसांना एका खोलींत बसवावयास आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

'वी' हें नांव इंग्रजी सर्वनामावरून घेतलेलें. त्याच्या रोमन लिपींतल्या स्पेलिंगांत शेवटीं दोन 'आय' शेजारीं शेजारीं उभे आहेत, ते जणूं जवळ उभीं राहिलेलीं दोन माणसें, असें कंपनीनें सांगितलें होतें. इंग्रजीला येथें एक अडचण आहे. त्या भाषेंत 'आम्ही' आणि 'आपण' यांना शब्द एकच. ज्यांत समोरचा मनुष्य धरलेला नाहीं तें 'आम्ही' आणि ज्यांत तो धरला आहे तें 'आपण', हा भेद आपल्याकडे पोरालाही कळतो. घर विकल्याचें पत्र मीं भावाला लिहिलें तेव्हां त्यांत "आम्हीं असें ठरविलें" असें वाक्य होतें. 'आम्हीं' म्हणजे कोणीं, हें त्यानें विचारलें नाहीं.

खेळण्यापूर्वी प्रत्येकाची एक छोटी बाहुली करावी लागते. तिचें डोकें, केंस, भिंवया, चष्मा निवडून ती आपल्यासारखी दिसेल असें करावयाचें. या बाहुलीला म्हणतात 'मी'. तोही इंग्रजी सर्वनामाचाच अवतार. परंतु मराठी माणसाला त्याचें भाषांतर करावें लागत नाहीं. यावरून त्या घरांत जो गोंधळ झाला तो सांगतों. पुतण्यानें पांढरे केंस, आंबाडा आणि वाटोळा चष्मा अशी एक बाहुली केली आणि म्हणाला, "आजी, ही बघ मी." आई म्हणाली, "तूं कसा? ही तर मी दिसतें." तो म्हणाला, "हो, तुझीच मी." आईनें आमच्याकडे पाहिलें. पोराचें मराठी बिघडलें आहे अशी तिची खात्री झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिनें त्याला रोज अर्धा तास विभक्ति शिकवावयास आरंभ केला.

हें सारें चालतें कसें, असें मीं विचारलें. मी साहित्याचा अध्यापक; कांडीच्या पोटांत काय आहे हें मला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. भाऊ इंजिनियर. त्यानें सांगितलें, कीं आंत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा लवचीक आधारांवर तरंगत ठेवलेला असतो. कांडी हलली कीं तो किंचित् मागें राहतो. गाडीनें धक्का दिल्यावर उतारू मागें कलतो तसा. तें कलणें विजेच्या भाषेंत मोजलें जातें. याखेरीज कांडीच्या तोंडाशीं डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्याअलीकडच्या किरणांना टिपणारा एक कॅमेरा असतो. टेलिव्हिजनजवळ जी पट्टी ठेवतात ती कांहीं ओळखते असा लोकांचा समज आहे, तो खोटा. तिच्या दोन टोकांना त्या अदृश्य किरणांचे दिवे असतात, बस्स. पाहते ती कांडी.

"म्हणजे दोन मेणबत्त्या ठेवल्या तरी चालेल," पुतण्या म्हणाला. त्या घरांत मेणबत्त्या सांपडल्या नाहींत. आईनें पुण्याहून आणलेलीं दोन निरांजनें होतीं. तिनें तीं तुपाच्या वातींनीं पेटवून पट्टीच्या जागीं, सुमारें वीतभर अंतरानें ठेविलीं. आणि पडद्यावरचा पांढरा हात कांडी फिरेल तसा फिरूं लागला. आईनें सवयीनें हात जोडले. मलाही तें हास्यास्पद वाटलें नाहीं.

त्या तबकडींत पांच खेळ होते: टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि मुष्टियुद्ध. टेनिसमध्यें मी हरलों, कारण मी सबंध हात फिरवीत होतों. पुतण्या कोचावर लोळत नुसतें मनगट हलवी आणि त्याची बाहुली धांवून धांवून फटके मारी. यंत्राला हिसका पुरतो, हें मुलांना आठवड्यांत कळतें. मग तीं खेळाडू न राहतां कारकून होतात. हा या खेळांतला खरा दोष आहे. वडील माणसें मात्र शेवटपर्यंत फसत राहतात, आणि त्यामुळें त्यांचें पाहण्यांत मौज असते. पडद्याकडे कोणी पाहत नाहीं. भावजय चेंडू टाकतांना जीभ दांतांत धरते, माझी पत्नी गोल्फचा फटका मारण्यापूर्वी पदर खोंचते, हें पाहावयाचें.

बोलिंगसाठीं आई उठली तेव्हां आम्हीं सगळ्यांनीं तिला नको म्हटलें. तिचें वय एकाहत्तर, उजवा खांदा दुखरा. ती म्हणाली, "तुमचं होईपर्यंत काय मी देवासारखी बसूं?" कळ दाबून धरावयाची, हात मागें न्यावयाचा, पुढें आणतांना कळ सोडावयाची, असा त्याचा क्रम. पहिल्या खेपेस आईनें कळ सोडण्याऐवजीं कांडीच सोडली. मनगटाला दोरी होती म्हणून टेलिव्हिजन वांचला. ही चूक तिची एकटीची नव्हे. यंत्र बाजारांत आल्याबरोबर लोकांनीं इतक्या कांड्या भिरकावल्या कीं २००६ च्या डिसेंबरांतच कंपनीला सुमारें ३२ लक्ष दोऱ्या बदलून जाड दोऱ्या द्याव्या लागल्या. दुसऱ्या खेपेस मात्र आईचा हात खालून, सावकाश, न थरथरतां पुढें आला आणि दहाही सोंगट्या पडल्या. तो हात मीं कोठें तरी पाहिला आहे असें मला वाटलें, आणि तिसऱ्या चेंडूला ओळखला. घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून ती कृष्णेंत निर्माल्य सोडी, तोच हा हात. पाण्याला लागूं नये, आणि पायरीवरही पडूं नये.

पुढच्याच वर्षीं, २०१० सालीं, मायक्रोसॉफ्टनें 'किनेक्ट' नांवाचें साधन काढलें. त्यांत हातांत कांहींच धरावें लागत नसे. कॅमेराच सारें शरीर ओळखी. त्याचें उत्पादन २०१७ सालीं थांबलें. त्याचीं कारणें जाणकार सांगतील तीं खरीं. मला मात्र वाटतें, कीं माणसाच्या मुठीला कांहीं तरी लागतें. आम्ही वाईच्या अंगणांत क्रिकेट खेळत असूं तें धुण्याच्या धोपाटण्यानें. बॅट आणण्याची ऐपत नव्हती असें नाहीं. धोपाटणें हातीं होतें. आमचा एक नियम असा होता कीं चेंडू स्वयंपाकघरांत गेला आणि आईच्या हातीं लागला तर फलंदाज बाद, मग टप्पा पडलेला असो वा नसो. त्यावर अपील नव्हतें.

मग पुतण्यानें मुष्टियुद्धाचा खेळ लावला. "काका विरुद्ध बाबा!" यांत दोन्ही हातांत साधनें धरून समोरच्या हवेंत ठोसे मारावयाचे. आम्ही शेजारीं शेजारीं उभे राहिलों, तोंडें पडद्याकडे. पडद्यावर आमच्या दोन चष्मेवाल्या बाहुल्या एकमेकांसमोर होत्या. त्यांच्या मुठींना दंड नाहींत. मुठी खांद्यांपासून सुट्या, हवेंत तरंगत असतात. प्रारंभीं दोघांनींही हंसत हंसत, पाहुणचारासारखे ठोसे मारले. माझी बाहुली एकदां पडली, यंत्रानें आंकडे मोजले, ती उठली. दुसऱ्या फेरींत भावाचें हंसणें थांबल्याचें मला ऐकूं आलें. तो मनगट हलवीत नव्हता. खांद्यापासून मारीत होता. मीही मारूं लागलों. आमचा श्वास, आणि कोपरें अंगाला घांसल्याचा आवाज, एवढेंच खोलींत राहिलें. माझी बाहुली आडवी झाली. एक, दोन, तीन असे आंकडे दहापर्यंत गेले, वाद्यें वाजलीं, खेळ संपला. भाऊ तरीही मारीत होता. दोन ठोसे, तीन ठोसे; मग थांबला, आणि पडद्याकडेच पाहत म्हणाला,

"विचारायचं होतंस, दादा."

मीं म्हटलें, "हो."

दुसरा शब्द मला सुचला नाहीं. कौलांचा खर्च, वाळवी, बाजारभाव, असे सर्व मुद्दे दोन वर्षें माझ्याजवळ तयार होते. ते सर्व बरोबर होते, आणि त्यांपैकीं एकही त्याच्या वाक्याचें उत्तर नव्हता. आईनें निरांजनें उचललीं. "झालं का तुमचं? पानं वाढलीत," एवढें म्हणून ती आंत गेली. पुतण्यानें मला सांगितलें कीं काकांनीं बचावाचे हात उंच धरले असते तर इतक्यांत हरले नसते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघे दारांतलें बर्फ फावड्यांनीं ओढीत होतों. भावानें विचारलें, "अंगणांतला पारिजातक?" मीं सांगितलें, कीं नव्या मालकानें तो तोडला. तो पुढें बोलला नाहीं. पण दुपारीं त्यानें मला नुसतें "ए" करून हांक मारली. दोन वर्षांत प्रथमच. घराचें दुःख त्याला अजून आहे. तें माझ्या "हो"नें फिटलेलें नाहीं, आणि फिटावें असें मागण्याचा मला अधिकार नाहीं.

आई २०१८ सालीं गेली. 'वी' यंत्र त्यापूर्वींच बाजारांतून गेलें होतें. पुतण्या आतां पंचविशीचा आहे. गेल्या दिवाळींत तो घरीं आला असतां त्यानें तळघरांतून ती पेटी काढून पुसली आणि जोडली. या पेटींत केलेल्या बाहुल्या कोणी मुद्दाम पुसल्याखेरीज जात नाहींत. बेसबॉल खेळूं लागलें म्हणजे संघांतल्या बाकीच्या जागा भरण्यासाठीं यंत्र त्याच बाहुल्या मैदानांत उभ्या करतें.

रात्रीं भावाचा फोन आला. "दादा, झोपला होतास का?"

"नाहीं. बोल."

"पोराबरोबर खेळत होतों. मीं उंच मारला. त्याच्या बाजूला, अगदीं टोकाला, आई उभी होती रे. आंबाडा, चष्मा, सगळं तसंच."

"मग?"

"मग काय. आईच्या हातीं लागला."

"बाद," मीं म्हटलें.

"बाद," तो म्हणाला.