पाताळगंगेच्या पुलावर

ज्या मुलखांत उन्हाळा लागला कीं पाणी हंड्यांनीं मोजावें लागतें, त्या मुलखांतला मनुष्य परगांवीं गेला म्हणजे देऊळ, बाजार, किल्ला यांच्या आधीं तेथील नदी पाहतो. आमचेंही तसेंच आहे. धारूरचा घाट उतरून खालीं आलें म्हणजे बीड-परळी रस्त्यावर तेलगांव लागतें. तेथें आमचें घर. शेजारीं सिंदफणेवर माजलगांवचें धरण आहे, आणि त्याच्या पायथ्याशीं एक लहानसें वीजघरही आहे. परंतु पाऊस न झालेल्या वर्षीं धरणांत चिखल आणि वीजघरांत शांतता, हें दृश्य आम्हांस नवें नाहीं. म्हणून चैत्राच्या अखेरीस कांहीं घरगुती कामानिमित्त खोपोलीस जाण्याचा योग आला, तेव्हां तेथील पुलावर येतांच आम्ही जागच्या जागीं उभे राहिलों. इतक्या उन्हांत पाताळगंगा खळाळत वाहत होती.

कठड्याशीं एक वृद्ध गृहस्थ उभे होते. ‘काका, वर कोठें पाऊस झाला काय?’ असें आम्हीं विचारलें. ते हंसून म्हणाले, ‘पाऊस कुठला, पाव्हणे! वर मशीन चालू आहे.’ आणि त्यांनीं पूर्वेकडे बोट दाखविलें. घाटाच्या उभ्या कड्यावरून लोखंडी नळ सरळ खालीं उतरत होते. नदीचा उगम असा नळांत पाहण्याचा आमचा हा पहिलाच प्रसंग.

खोपोलीचें महत्त्व मुळांत घाटामुळें. कोंकणांतून पुण्याकडे जाणाऱ्या वाटसरूनें येथें विसांवा घ्यावा आणि मग बोरघाट चढावा, हा जुना रिवाज. नाना फडणविसांनीं येथें महादेवाचें देऊळ व मोठा तलाव बांधला, तो अशा वाटसरूंच्या सोईचाच होता. पुढें १८५६ सालीं रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि सह्याद्रीच्या भिंतीपुढें थांबली. प्रवाशांनीं येथें उतरावें, पालखींत किंवा तट्टावर बसून घाट चढावा आणि वर पुन्हा गाडी धरावी, असा क्रम कांहीं वर्षें चालला. १८६३ सालीं घाटांतील लोहमार्ग पुरा झाला. गाड्या पळसदरीवरूनच वर जाऊं लागल्या आणि खोपोली एका फांट्याचें टोंक होऊन बसली. ज्या डोंगरानें तिला मोठेपण दिलें, तो डोंगर आगगाडीनें जिंकतांच तें मोठेपण गेलें.

तें परत आलें पाण्याच्या रूपानें. त्या काळीं मुंबईच्या कापडगिरण्या दूरच्या खाणींतून आणलेल्या कोळशावर चालत. खर्च मोठा आणि शहरावर धुराचें छत. लोणावळ्याच्या माथ्यावर मात्र चार महिन्यांत सरासरीनें दीडशें इंचांहून अधिक पाऊस कोसळे. तो अडवून त्याची वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या मनानें घेतली. पण ती सिद्ध झालेली पाहण्यास ते राहिले नाहींत. १९०४ सालीं ते वारले. त्यांचे पुत्र दोराबजी यांच्या पुढाकारानें १९१० मध्यें कंपनी उभी राहिली, १९११ मध्यें कोनशिला बसली आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें. वळवण, लोणावळा व शिरवटा हीं तीन तळीं पावसाळ्यांत भरून घ्यावयाचीं. त्यांचें पाणी घाटाच्या कडेपर्यंत आणावयाचें. तेथून नळांतून सुमारें सतराशें फूट खालीं सोडावयाचें. खालीं आलेली ती धार चाकाच्या कडेस बसविलेल्या पोलादी वाट्यांवर आदळते आणि चाक गरगर फिरतें. आमच्याकडे विहिरीवर रहाटाला पाणी वर ओढतांना पाहिलें होतें. येथें पाणीच रहाट ओढतें. येथें निघालेली वीज तारांवरून थेट मुंबईस, परळच्या गिरणगांवांत पोंचली. पाठोपाठ १९२२ मध्यें भिवपुरीचें आणि १९२७ मध्यें भिऱ्याचें वीजघर चालूं झालें.

विजेचें हें एक बरें, कीं ती पाण्याचा जोर घेते, पाणी घेत नाहीं. चाकावरून उतरलेलें पाणी पाताळगंगेंत पडतें, आणि पावसाळ्याबरोबर आटून जावयाची ती घाटांतली नदी बाराही महिने वाहते. कारखान्यांस वीज, रेल्वे, रस्ता आणि आटत नसलेली नदी एके ठिकाणीं मिळाली, मग ते न येते तरच नवल. खोपोलींत पोलादी नळांचे व पत्र्यांचे कारखाने निघाले. खालीं रसायनी येथें औषधांचीं व रंगांचीं मूलद्रव्यें, आणि १९८० नंतरच्या दशकांत कृत्रिम धाग्यांचा मोठा व्याप उभा राहिला. हौशी प्रवाशासही येथें पाहण्याजोगें पुष्कळ आहे. गांवाजवळ महडचा वरदविनायक, नदीकांठीं गगनगिरी महाराजांचा आश्रम, आणि पावसाळ्यांत ‘झेनिथ’चा धबधबा. एका नळांच्या कारखान्याचें नांव धबधब्यास पडलें, यावरून गांवाचा स्वभाव ध्यानांत येईल.

परंतु त्या पुलावर आमच्या मनांत दुसराच प्रश्न घोळत होता. हें पाणी मुळांत जावयाचें होतें कोठें? वरचीं तळीं जेथें आहेत, तेथला उतार पूर्वेकडे आहे. ते ओढेनाले इंद्रायणीचे. इंद्रायणी देहूवरून, आळंदीवरून जाते, तुळापुरीं भीमेस मिळते. भीमा पंढरीस चंद्रभागा होते आणि अखेर कृष्णेबरोबर पूर्वसमुद्रास जाते. म्हणजे पुलाखालचें पाणी पंढरीच्या वाटेवरून परत फिरविलेलें होतें. तिन्ही वीजघरांचें मिळून असें सुमारें ४२ अब्ज घनफूट पाणी वर्षाला पश्चिमेकडे वळतें.

याची किंमत पहिल्यापासून कोणी ना कोणी देत आलें आहे. भिऱ्याच्या विजेसाठीं मुळशीचें खोरें बुडावयाचें ठरलें, तेव्हां मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला; सेनापति बापट त्यांचे पुढारी. तो लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झालें, शेतें गेलीं. ज्या गिरण्यांसाठीं हें सारें घडलें, त्यांचाही पुढें अंत झाला. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक भोंगे बंद पडले. गिरण्या राहिल्या नाहींत, पण पाणी वळलें तें वळलेंच.

दुष्काळाच्या वर्षीं हें पाणी भीमेकडे परत सोडावें अशी मागणी उठते. आम्ही तिच्याकडे सहानुभूतीनें पाहतों, आणि यांत आमचा स्वार्थ नाहीं. बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका सीनेच्या, म्हणजे भीमेच्याच खोऱ्यांत येतो. आमचें तेलगांव मात्र गोदावरीच्या खोऱ्यांतलें. भीमा दुथडी भरली तरी आमच्या आडांत थेंब वाढणार नाहीं. पण पाण्यावांचून वीज कशी थांबते तें आम्हीं जवळून पाहिलें आहे. २०१३ सालीं परळीचें औष्णिक केंद्र, कोळसा असूनही, पाणी नाहीं म्हणून बंद पडलें होतें. आणि पाणी आमच्याकडे येत नाहीं, तेव्हां माणसें पाण्याकडे जातात. दसरा-दिवाळी झाली कीं आमच्या भागांतलीं घरें कुलुपें लावून, कोयते घेऊन, भीमा-कृष्णेच्या कांठीं ऊस तोडण्यास निघतात.

दुसरी बाजूही खोटी नव्हे. हीं वीजघरें धूर करीत नाहींत, आणि संध्याकाळीं मुंबईची मागणी एकाएकीं वाढली म्हणजे कांहीं मिनिटांत चालूं होतात; कोळशाच्या भट्टीस तें साधत नाहीं. शिवाय शंभर वर्षांत पाताळगंगेच्या कांठीं जी वस्ती झाली, ती या पाण्याच्या भरंवशावरच जगते. तें उद्यां बंद केलें तर येथेंही कुलुपेंच लागतील. एकदां वळविलेली नदी परत फिरविणें हाही एक अन्यायच होतो. म्हणून सारें सोडा किंवा सारें ठेवा, असा वाद आम्हांस रुचत नाहीं. चांगल्या वर्षीं कोणास किती आणि वाईट वर्षीं कोणाचें किती कमी, याचा हिशेब मात्र उघड्यावर मांडला जावा. नदी आपल्या उताराप्रमाणें वाहत होती, तोंवर दोष दैवाचा होता. तिची तोटी माणसाच्या हातीं आली, तेव्हांपासून तो माणसाचा झाला.

परतीच्या दिवशीं पहांटे स्टेशनाकडे जातांना आम्ही पुन्हा त्या पुलावर थांबलों. धार बारीक झाली होती. काल बुडालेले खडक उघडे पडले होते आणि मधल्या खडकावर एक बगळा उभा होता. वर मशीन बंद असावें. क्षणभर आम्हांस सिंदफणाच आठवली. फरक एवढाच, कीं ही संध्याकाळीं पुन्हा भरणार होती.